रविवारसाठी दिलेली पाकिटं

कंपाउंडर हा माणूस आता दवाखान्यांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. औषधं तयार पाकिटांत येतात, डॉक्टर चिठ्ठी खरडतात, रोगी शेजारच्या दुकानात जातो. मधल्या माणसाला काम उरलेलं नाही. तरीही चौकातल्या एका जुन्या दवाखान्यात, हिरव्या पडद्यामागच्या चार फुटी खोलीत, एक कंपाउंडर तेवीस वर्षं उभा आहे. उभा म्हणजे खरोखरच उभा. त्या खोलीत स्टूल मावत नाही.

वय सेहेचाळीस. अंगकाठी किरकोळ, शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला टोपणाचं पेन. खोकल्याचं औषध तो अजूनही मोठ्या बरणीतून लहान बाटलीत ओततो आणि बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवतो. पट्टीच्या एका दातापासून पुढच्या दातापर्यंत एक डोस. गोळ्यांची पुडी देताना त्याचं वाक्य ठरलेलं आहे: "पाण्याबरोबर घ्यायची. दुधाबरोबर नाही, चहाबरोबर तर नाहीच नाही." जुने रोगी ते वाक्य त्याच्या आधीच म्हणून मोकळे होतात.

दवाखान्यात त्याची दुसरी ओळख म्हणजे कपाट. कंपन्यांची माणसं डॉक्टरांना नमुन्यादाखल औषधं देऊन जातात, ती या कपाटात जातात. किल्ली कंपाउंडरकडे. त्यातलं चांगलं औषध तो सहजासहजी बाहेर काढत नाही. एखादा खरा गरजू येईल, त्याला लागेल, असं त्याचं म्हणणं. खरा गरजू कोण हे ठरता ठरता औषधाची तारीख उलटते आणि दर तीन महिन्यांनी खोकंभर माल फेकून द्यावा लागतो. डॉक्टर चिडत नाहीत. "तुझ्या कपाटातली औषधं रोग्यांच्या आधी मरतात," एवढंच म्हणतात.

घरीही हाच कारभार. दोन खोल्यांच्या घरात पाहुण्यांचे कप वरच्या फळीवर आहेत आणि पाहुणे घरच्याच कपातून चहा पिऊन जातात. टीव्हीचा रिमोट सहा वर्षांनंतरही त्याच्या मूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. आवाज वाढवायच्या बटणावर पिशवीला भोक पडलं आहे. त्याची बायको एका पाळणाघरात काम करते आणि तिथल्या मुलांशी बोलते त्याच सुरात नवऱ्याशी बोलते. "बायको कुठे ठेवणार असं लग्नात यांना कुणी विचारलं नाही म्हणून बरं," ती शेजारणींना सांगते, "नाहीतर मला पण कपाटात ठेवलं असतं. खास प्रसंग आला की काढू म्हणाले असते."

घरात तिसरं माणूस म्हणजे कंपाउंडरची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. वडील त्याआधीच गेले होते. भावाने कॉलेज सोडलं, दवाखाना धरला आणि बहिणीला वाढवलं. या जोडप्याला मूल झालं नाही, तेव्हा घरातलं लहान माणूस तीच राहिली. ती चौतिशीची झाली तरी भाऊ तिला 'बाळ' म्हणतो आणि तिने कोणतं स्वेटर घालावं हे सांगतो.

बहीण पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचते. दिवसाला दीडशे-पावणेदोनशे मीटर. ते जिन्याखाली असतात, गटाराच्या झाकणाशेजारी असतात, कुणीतरी जुना पलंग टेकवून ठेवलेल्या भिंतीमागे असतात. हातात बॅटरी आणि फडकं घ्यायचं, काचेवरचा चिखल पुसायचा, आकडा लिहायचा, पुढचा जिना चढायचा. नऊ वर्षं ती हे काम हंगामी म्हणून करत होती. अकरा महिन्यांचं पत्र, मग आठवडाभर घरी, मग पुन्हा अकरा महिन्यांचं पत्र. त्या आठवड्यात ती आजारी पडली तर ती कुणाचीच कर्मचारी नसे.

धावायला ती उशिरा लागली. सत्ताविसाव्या वर्षी, खात्याच्या क्रीडादिनी कुणीतरी नाव घातलं म्हणून ती पाच किलोमीटर धावली आणि पहिली आली. मैदानावर नव्यांना शिकवणारे एक मास्तर होते, शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक. त्यांनी विचारलं, "कुठे शिकलीस गं धावायला?"

"कुठेच नाही. मीटर वाचते."

"मग?"

"कुत्री असतात ना मास्तर प्रत्येक आवारात."

तेव्हापासून मैदानावर तिचं नाव 'मीटर' पडलं. 

या धावण्याला एक व्यवहार होता. सगळ्या खात्यांची मिळून दरवर्षी एक मॅरेथॉन होते, बेचाळीस किलोमीटरची. बायकांत पहिल्या तिघींमध्ये जी हंगामी कर्मचारी येईल तिला तिचं खातं कायम करतं. अट एकच, शर्यतीच्या दिवशी वयाची पस्तिशी पूर्ण झालेली नसावी. ती तीनदा धावली होती. सातवी, सहावी, पाचवी. तिसऱ्या वेळी तर बत्तिसाव्या किलोमीटरपर्यंत ती तिसरी होती. मग पाय लाकडाचे झाले, डोळ्यांपुढे पांढरं आलं आणि दोघी जणी तिला मागे टाकून गेल्या.

"टाकी रिकामी झाली," मास्तर म्हणाले. "शरीरात साठवलेली साखर तीस किलोमीटरच्या आसपास संपते. मध्ये भरायला पाहिजे."

चौथ्या शर्यतीच्या दिवशी तिला पस्तीस पूर्ण व्हायला एकोणचाळीस दिवस बाकी राहणार होते. म्हणजे ही शेवटची. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वहिनीने दोन तारखांना गोल केले होते, आणि दोन्ही गोल सगळ्यांना दिसत होते.

शर्यतीला आठ आठवडे असताना मास्तरांनी भाऊ-बहिणीला मैदानावर बोलावलं. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा डबा होता. त्यांचा एक जुना विद्यार्थी परदेशात धावतो, त्याने पाठवलेला. आत सोळा पाकिटं. बोटभर लांबीची, चकचकीत, वर फाडायची खूण. धावणारे त्याला जेल म्हणतात. साखरेचा दाट, चिकट लगदा. एका पाकिटात पाऊण-एक केळ्याएवढी कर्बोदकं, पण चावायला नको आणि थांबायलाही नको.

"नीट ऐका दोघं," मास्तर म्हणाले. "धावताना रक्त पायात जातं. पोट अर्धं बंद असतं. त्या बंद पोटात ही चिकट साखर ढकलली की ते भांडायला उठतं. त्याला सवय लावावी लागते. पायांना सराव लागतो तसा पोटालाही लागतो. म्हणून रविवारच्या लांब धावेत घ्यायची. आधी एकेक, मग दोन-दोन. दहा पाकिटं रविवारी संपवा. सहा शर्यतीला ठेवा. आणि वर साधं पाणी प्यायचं. साधं. कळलं?"

"कळलं, मास्तर," बहीण म्हणाली.

कंपाउंडरने डबा हातात घेऊन आधी तारीख वाचली. पाच महिने होते. त्याला बरं वाटलं.

घरी आल्यावर त्याने पाकिटं टेबलावर ओळीत मांडली, पुन्हा मोजली, डब्यात भरली आणि डबा कपड्यांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"घ्या," बायको म्हणाली. "जेल आत, जेलर बाहेर. अहो, ती खायला दिलीत ना?"

"खायलाच आहेत. पण अशी चांगली वस्तू रोजच्या धुळीत कशाला वाया घालवायची? शर्यतीला लागतील."

"मास्तर म्हणाले दहा रविवारी," बहीण म्हणाली.

"मास्तर कवायतीचे आहेत बाळ. साखर ती साखर. तेवीस वर्षं मी ग्लुकोज पाण्यात कालवतोय. रविवारी माझं घे, शर्यतीला हे. सोळाच्या सोळा राहतील हाताशी."

बहीण दाराशी खाली बसली. तिने बूट काढले आणि पायमोजे बादलीत टाकले.

त्यानंतरचे सात रविवार कंपाउंडरच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. कालव्याच्या कडेने एक सरळ रस्ता जातो, तिथे ती धावायची आणि तो सायकलवरून मागे यायचा. मास्तर तिथे नसत; त्यांचे गुडघे गेलेले, ते मैदानावर नव्यांना बघत. सायकलच्या टोपलीत खोकल्याच्या औषधाच्या सहा धुतलेल्या बाटल्या असत. त्यांत ग्लुकोज, चिमूटभर मीठ, लिंबाचे थेंब. प्रत्येक बाटलीला कातरलेली पट्टी. "पाचव्या किलोमीटरला एक डोस," तो मागून ओरडायचा, "पट्टी बघ, जास्त नको!" ती दात बघून तेवढंच प्यायची आणि बाटली न थांबता मागे द्यायची. पातळ, गोड पाणी ते. पोटाने कधी तक्रार केली नाही. बत्तीस किलोमीटर झाले तरी तिचा चेहरा ताजा असायचा.

"बघ," तो म्हणायचा. "काय भांडलं पोट?"

चौथ्या रविवारी कालव्यावरून ते दोघं मैदानावर आले तेव्हा मास्तरांनी विचारलं, "काय मीटर, पाकिटं बसतायत का पोटात?" ती काही म्हणायच्या आत कंपाउंडर म्हणाला, "एकदम व्यवस्थित." मास्तरांनी मान हलवली आणि शिट्टी वाजवली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याने कपाट उघडलं. मार्ग दोन फेऱ्यांचा होता. धावणाऱ्यांच्या स्वतःच्या बाटल्या ठेवायला दोन टेबलं होती, पुलाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. म्हणजे नवव्या, सतराव्या, तिसाव्या आणि अडतिसाव्या किलोमीटरला. सायकलवरून दोन्हींमध्ये दहा मिनिटं. त्याने चार बाटल्या घेतल्या. चिकटपट्टीने पहिल्या बाटलीला एक पाकीट लावलं, बाकीच्या तिन्हींना दोन-दोन. मास्तरांनी सहा सांगितली होती, पण सोळा असताना हात आखडता कशाला घ्यायचा? बाटल्यांत त्याने ग्लुकोजचं पाणी भरलं. साधं पाणी भरावं असं त्याच्या मनात आलंच नाही असं नाही. पण तिला सवय याची होती. शिवाय वरून पाकीट, आतून ग्लुकोज, ताकद दुप्पट.

"मास्तरांनी साधं म्हणून सांगितलं होतं ना हो?" बायकोने दारातून विचारलं. तिने ते बहिणीकडून ऐकलं होतं.

"हे पाणीच आहे. तू पोळ्या बघ."

सकाळी सहाला शर्यत सुटली. ढगाळ हवा, वारा नाही, धावायला चांगली. नवव्या किलोमीटरला ती पाचवी आली, चाल मोजलेली, खांदे सैल. तिने पाकीट फाडलं, तोंडात पिळलं आणि चेहरा वाकडा केला. हे इतकं दाट असेल, असं तिला वाटलं नव्हतं. वरून घोट घेतले आणि बाटली टेबलावर फेकून गेली.

सतराव्याला ती तिसरी होती. कंपाउंडर टेबलाच्या पुढे पळत आला. तिने एक पाकीट काढलं, दुसऱ्याला हातानेच नको म्हटलं.

"घे! दोन्ही घे!" तो तिच्याबरोबर पळत ओरडला. "आता नाही तर कधी?"

तिने दोन्ही घेतली. बाटली अर्धी प्यायली.

पुढच्या टेबलाकडे सायकल मारताना त्याला भोंग्यावर ऐकू आलं: पहिली फेरी पूर्ण, बायकांत दुसरी, पाणीपुरवठा खातं. दवाखान्यात आपण हे कसं सांगायचं, याची वाक्यं तो जुळवायला लागला. डॉक्टरांना आधी नाही सांगायचं. आधी पत्र हातात येऊ द्यायचं.

तिसाव्या किलोमीटरला पहिली आली. मग बराच वेळ कुणी नाही. मग वीज खात्यातली एक पोरसवदा मुलगी, मग टपाल खात्यातली उंच बाई. त्यांच्यामागून बहीण. उजवा हात पोटावर, ओठ पांढरे. ती धावत होती पण कंबरेतून वाकून, जिना चढताना वाकतात तशी.

"दादा, पाणी."

त्याने बाटली पुढे केली. तिने एक घोट घेतला आणि तिथेच थुंकला.

"साधं. साधं पाणी दे रे."

त्याच्याकडे साधं पाणी नव्हतं. त्याने टेबलाकडे पाहिलं. तिथे चाळीस बाटल्या होत्या, सगळ्यांवर नंबर. टेबलावर बसलेली शिपाई बाई उठून उभी राहिली.

"त्यांना हात लावू नका हो. दुसऱ्यांच्या आहेत."

"एक घोट द्या. बहीण आहे माझी."

"सगळ्यांच्याच बहिणी आहेत. सार्वजनिक पाणी पुढे आहे, पुलाखाली."

पूल पाचशे मीटरवर होता. तो सायकल उचलेपर्यंत ती निघून गेली होती.

नंतर जे घडलं ते तिने कधी पूर्ण सांगितलं नाही, पण मार्गावरच्या पंचांच्या नोंदीत आहे. ती दोनदा थांबली. एकदा पेट्रोल पंपाच्या संडासात, एकदा एका बंद गोदामाच्या भिंतीआड. दुसऱ्या वेळी तिथे पोहोचण्याआधीच उशीर झाला होता. या दोन थांब्यांत साडेपाच मिनिटं गेली. उंच बाईचे पाय पुढे आखडले आणि ती मागे पडली, म्हणून बहीण चौथी आली. वीज खात्यातली मुलगी दुसरीच राहिली, आणि त्या थांब्यांत पुढे निघून जी तिसरी आली ती बहिणीच्या एक मिनिट चाळीस सेकंद पुढे होती.

पायांत बळ होतं. शेवटचे दोन किलोमीटर तिने शर्यतीतल्या कुठल्याही बाईपेक्षा वेगाने काढले. टाकी रिकामी झालेली नव्हती.

अंतिम रेषेपलीकडे वहिनीने तिच्याभोवती चादर गुंडाळली आणि कमरेखाली गाठ मारली. ती पदपथावर बसली. मास्तर काठी टेकत आले, समोर उकिडवे बसायला गेले, बसता येईना, म्हणून वाकून उभे राहिले.

"पोट?"

तिने मान हलवली.

"असं कसं झालं? सवय झाली होती ना? रविवारी किती घेत होतीस?"

कंपाउंडर तीन फुटांवर उभा होता, हातात न उघडलेली दोन पाकिटं लावलेली शेवटची बाटली. बहिणीने वर पाहिलं. मास्तरांकडे नाही, भावाकडे.

"दोन-दोन," ती म्हणाली. "शेवटी दोन-दोन घेत होते मास्तर."

"मग नशीब म्हणायचं," मास्तर म्हणाले, आणि सरळ उभे राहायला त्यांना वेळ लागला.

डॉक्टरांनी तिला सलाईन लावलं. दोन दिवसांत ती उठली, तिसऱ्या दिवशी कामावर गेली. महिन्याने खात्याच्या फलकावर सगळ्या खात्यांची मिळून यादी लागली. कायम झालेल्यांत तीन नावं होती, त्यांतली दोन तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिने यादी वाचली, खाली कुणीतरी चिकटवलेली कॅन्टीनची सूचनाही वाचली, आणि त्या दिवशीचे एकशे साठ मीटर वाचून घरी आली. पस्तिसावा वाढदिवस गेला. वहिनीने कॅलेंडरचं पान वेळेआधी उलटलं होतं. अकरा महिन्यांचं नवं पत्र आलं.

घरात शर्यतीबद्दल कुणी बोलत नव्हतं. कंपाउंडर बहिणीच्या ताटात जास्त वाढायचा आणि ती ते निमूटपणे संपवायची. दवाखान्यात त्याच्या हातून आठवड्यात दोनदा चुकीची पट्टी कापली गेली. तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला, "पाठ धरलीय."

शेवटी तो एका शनिवारी मास्तरांच्या घरी गेला. मास्तर बाल्कनीत गुडघ्यांना तेल लावत होते. त्याने चप्पल दाराबाहेर काढली आणि उभ्यानेच सांगून टाकलं. एकही पाकीट रविवारी दिलं नाही. पाणी साधं दिलं नाही. त्या दिवशी तिने खोटं सांगितलं ते माझ्यासाठी.

"बस," मास्तर म्हणाले.

तो बसला.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. सात आठवडे रोज सकाळी मी तिला मैदानावर बघत होतो. जेल घेणाऱ्याचे हात चिकट असतात, खिसे चिकट असतात, सोमवारी सुद्धा कुठेतरी पाकिटाचा तुकडा सापडतो. तिचं काहीच चिकट नव्हतं. तेव्हा विचारायला पाहिजे होतं नीट. तू म्हणालास एकदम व्यवस्थित, आणि मी शिट्टी वाजवली." ते तेलाची बाटली बंद करत राहिले. "मला वाटलं कंपाउंडर आहे, डोस चुकवणार नाही."

"मग बोलला का नाहीत नंतर?"

"बोलून तिचं वय कमी होणार होतं का रे?"

मास्तरांनी तेलाची बाटली बाजूला ठेवली.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"सांग. उपयोग काही नाही. पण सांग."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळचे सात. पूर्वी या वेळेला ती कालव्यावर असायची. आता ती गॅलरीत बसून कामाच्या बॅटरीचे सेल बदलत होती. जुने एका बाजूला, नवे एका बाजूला. आत वहिनी कपडे घड्या करत होती. कंपाउंडर दोन कप चहा घेऊन बाहेर आला आणि एक तिच्याजवळ ठेवला.

"बाळ, माझी चूक झाली," तो म्हणाला. "ती पाकिटं मी दिली असती तर..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून. मास्तर बोलले तेव्हा मी पण तिथेच होते ना दादा." तिने झाकण फिरवून बॅटरी लावून पाहिली. दिवसाउजेडी प्रकाश पडलेला कळत नव्हता, म्हणून तिने तळहाताचा आडोसा करून बघितलं. "मला कळत होतं घ्यायला पाहिजेत. एकदा किल्ली पण दिसली होती तुझ्या शर्टात."

"मग मागितलीस का नाहीस? मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं."

"मग?"

तिने जुने सेल कागदात गुंडाळले. आतून घड्या घालायचा आवाज थांबला होता.

"तू सायकलवरून मागे यायचास," ती म्हणाली. "बाटल्यांवर पट्ट्या लावून. आरडाओरडा करत. मी म्हटलं राहू दे. पाय चांगले आहेत माझे, निघेल वेळ. मला वाटलं निघेल."

"आणि सतराव्याला? तू नको म्हणत होतीस."

"तू पळत होतास ना दादा बरोबर. लोक बघत होते."

कंपाउंडरने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. काहीतरी टोमणा मारेल असं त्याला वाटलं. तिने मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती फक्त बहिणीच्या कपावर बशी झाकून आत गेली.

खालच्या रस्त्यावरून मैदानावरची तीन-चार माणसं पळत गेली. त्यांतल्या एकाने वर पाहून हात केला, "काय मीटर, बंद का?" तिने हात केला. ती हसलीही, ओळखीच्या माणसाला हसतात तेवढं.

"पुढच्या रविवारी जाऊ या कालव्यावर?" कंपाउंडरने विचारलं. "मी येतो सायकल घेऊन. साधं पाणी आणतो."

"कशाला?" ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. तिने खरंच विचारलं होतं, आणि ती उत्तराची वाट बघत होती. कंपाउंडरने आपला निवलेला चहा एका घोटात संपवला आणि दोन्ही कप घेऊन तो आत गेला.